उडणाऱ्या हिरोची मैत्रीण आणि उमापूरचं स्थळ

मंडळी, माझं डोकं चालेना, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आज माझ्या पुतणीला बघायला उमापूरचे पाहुणे आले. टीव्हीवर नेमकी त्या उडणाऱ्या हिरोची मालिका चालू. त्यातली त्याची मैत्रीण आजवर फक्त "सांभाळून जा" म्हणायची. आता तिलाही शक्ती मिळालीय.

रिवाजाप्रमाणे पाहुणे म्हणाले, "पोरी, तुला काय विचारायचं असंल तर विचार." हे नुसतं म्हणायचं असतं. आमच्या पोरीनं खरंच विचारलं. टीव्हीकडं बोट करून मुलाला म्हणाली, "तिनं आता काय करावं?"

मुलगा म्हणाला, "लढायला हिरो हाय की. तिनं कशाला मधी पडावं?"

माझ्या घशात पोहे अडकले. तेवढ्यात मुलाची आईच कडाडली, "गप रे! इतके दिवस त्याच्या जखमा कुणी बांधल्या? आता शक्ती आली तर घरी बसावं व्हय तिनं?"

मुलगा खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे निवडू लागला.

पाहुणे गेल्यावर मी पुतणीला विचारलं, "बाई, काय कळवू?"

"नाना, सासू पसंत हाय. पोराचं मातर न्हाई सांगता येत."

आता उमापूरचा फोन वाजतोय. तुम्हीच सांगा, होकार द्यायचा तर कुणाच्या नावानं देऊ?