न वाळलेल्या होड्या

शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी आमचे हे मस्कतजवळ सीबच्या किनाऱ्यावर चित्र काढायला बसत आणि मी शेजारी चहाचा थर्मास घेऊन कुरकुरत बसे. समोर होड्या गप्प उभ्या, पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं. यांच्या कॅनव्हासवर मात्र होड्या लालभडक, पाणी जांभळं, आणि तैलरंग सुरीने असा थापलेला की मी म्हणायचे, "चित्र काढताय की भिंत लिंपताय?"

"शांत पाण्याला वजन असतं," ते म्हणायचे. मला काही ते कधी दिसलं नाही.

शेवटचं चित्र त्यांनी जानेवारीत पुरं केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑफिसातच हृदय बंद पडून ते गेले. माझा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता, तेव्हा मलाही अलिबागजवळच्या आमच्या गावी परतणं भाग होतं. भांडी, फर्निचर, सगळं मी वाटून टाकलं. मला फक्त ते चित्र हवं होतं.

कार्गोवाला येणार त्या सकाळी जवळच अल खौदला राहणाऱ्या ओळखीच्या वहिनी मदतीला आल्या. मिक्सर असो की काचेचा सेट, गावी जाणारी नाजूक वस्तू ब्लँकेटात गुंडाळायची, ही आम्हा गल्फवाल्यांची रीत. मी आत कपडे भरत असताना त्यांनी घरातलं सर्वांत मऊ ब्लँकेट घेऊन चित्र मायेने गुंडाळलं आणि वरून टेपने करकचून बांधलं.

दुपारी कार्गोवाला म्हणाला, "भाभी, एक बार खोलके दिखाओ."

उघडलं. वरून वाळलेला रंग आत लोण्यासारखा मऊच होता. जांभळ्या पाण्यावर ब्लँकेटची लव चिकटली होती आणि एक अख्खी होडी ब्लँकेटाला लागून निघून आली होती.

वहिनी रडायला लागल्या. "अगं, मला वाटलं एव्हाना वाळलं असेल."

"खलास वहिनी, झालं ते झालं, राहू द्या," मी म्हटलं. त्यांच्यावर कशी चिडणार?

सगळे गेल्यावर मी चिमट्याने लव काढत बसले. तेव्हा राग आला तो यांचाच. एवढा जाड रंग वाळायला वर्ष लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी थापला. अजून वर्षभर आपण इथेच आहोत, ओलं चित्र भिंतीला टेकून ठेवायला घर आहे, असं ते धरूनच चालले होते. मीही.