चौकशीताईंचं पान

आमच्या रुग्णालयात तळमजल्यावर, रक्त तपासणीला लागून एक अरुंद खोली होती. आत एक टेबल, बटणांचा जुना टेलिफोन, एक संगणक आणि भिंतीवर एक पंखा. त्या खोलीत तेवीस वर्षं एक बाई बसत होत्या. हजेरीपटावर त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, पण शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळे त्यांना चौकशीताई म्हणत. मी त्यांच्या दारासमोरच्या औषधांच्या खिडकीवर बसायचो, त्यामुळे त्यांचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर असायचं.

ताईंना दिसत नव्हतं. चौदाव्या वर्षी मोठा ताप आला आणि महिन्याभरात दोन्ही डोळे गेले. थोरल्या भावाने, दादाने, पुस्तकं वाचून दाखवून त्यांचं शिक्षण पुरं केलं. दादाचा घसा बसला की नव्या नवरीने, म्हणजे वहिनीने, पुस्तक हातात घ्यायचं. "वहिनी एकदाच कॉलेजात गेली, पण पदवी दोनदा झाली तिची," असं ताई हसत सांगायच्या. लग्न केलं नाही. दादा-वहिनीकडेच राहत होत्या आणि तिथून रोज सकाळी बसने यायच्या.

त्यांच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक आवाज होता. त्याला त्या बोलघेवडा म्हणायच्या. तो इतका भरभर ठेवायच्या, की आपल्याला सुरी घासल्यासारखी नुसती सरसर ऐकू यावी. त्यांना मात्र प्रत्येक शब्द कळायचा. रुग्णालयाची वेबसाइटही त्याच सांभाळत. पूर्वी संगणक बघणारे एक गृहस्थ होते. निवृत्त होण्याआधी त्यांनी ताईंना ते काम शिकवून ठेवलं होतं. साइट म्हणजे काय, तर एक लांबलचक पान. विभागाचं नाव, वार, वेळ, डॉक्टर, खोली, फोन. बस. ताई साडेसातला येऊन प्रत्येक विभागात फोन करायच्या. "आज कोण बसणार? कितीपर्यंत? रजा कुणाची?" आठ वाजता पान ताजं झालेलं असायचं. इतक्या वर्षांत त्यातलं काही चुकलेलं मी तरी ऐकलं नाही.

दिसायला मात्र ते पान अगदीच रूक्ष होतं. पांढऱ्यावर काळं, वर एक निळी ओळ. आमची एक सिस्टर म्हणायची, "दुखवट्याचं पत्र वाचतेय असं वाटतं." ताईंना हे ठाऊक होतं. एकदा एका बाईने फोनवर त्यांना विचारलं होतं, "रुग्णालय चालू आहे ना? नाही, तुमची साइट बघून मला वाटलं बंद पडलंय." ते ताईंनीच मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तिचं चूक नाही हो. घर नीट झाडलेलं नसेल तर पाहुणा दारातच थबकतो."

मग नवे अधीक्षक आले. हुशार माणूस, कामाचा उरक दांडगा. पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंती रंगवून घेतल्या, बाकडी बदलली आणि वेबसाइट नव्याने करायला एका कंपनीला सांगितलं. कंपनीचा डिझायनर तरणाबांड, डोक्यावर गॉगल चढवून फिरणारा. तो खोलीतही उतरवायचा नाही, म्हणून सिस्टरांनी त्याचं नावच गॉगल ठेवलं. पोरगा वाईट नव्हता. ताईंच्या खोलीत येऊन दोन तास बसला, सगळं विचारून घेतलं.

"लोक आधी बघतात, ताई, मग वाचतात," तो म्हणाला. "पेशंट घाबरलेला असतो. समोर स्वच्छ, सुंदर काही दिसलं की त्याला धीर येतो. विश्वास बसतो."

"पटलं," ताई म्हणाल्या. "पण मला सांग, धीर आल्यावर त्याला खोली नंबर कुठे सापडणार?"

"दोन क्लिकवर."

"आणि मला?"

गॉगलने वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "प्रत्येक चित्रामागे मजकूर घालू आपण. तुमचा आवाज तो वाचेल. माझ्यावर सोडा."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. मी समोरूनच ऐकत होतो.

पुढे बैठक झाली. ताईंनी चार मुद्दे पाठ करून नेले होते. वेळापत्रक अक्षरांत असावं, चित्रात नको. ते रोज इथूनच बदलता यावं. फोन नंबर पहिल्या पानावर असावा. आणि दिसत नसणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावं. इतक्या शांतपणे आणि मुद्देसूद बोलल्या, की बोलणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अधीक्षक उठून उभे राहिले. "आमच्या ताई म्हणजे या रुग्णालयाचा चेहरा आहेत," ते म्हणाले. "यांचा फोटो पहिल्या पानावर हवा!" चारही मुद्दे वहीत लिहून घेतले गेले आणि त्यांच्यापुढे 'दुसरा टप्पा' असं लिहिलं गेलं, कारण उद्‌घाटनाची तारीख ठरलेली होती.

फोटोग्राफर आला. "ताई, जरा इकडे बघा," म्हणाला आणि जीभ चावली. ताईंनी हसून मान वळवली. "बघतेय की. तुम्हीच हललात." फोटो फार सुरेख आला. कानाला फोन, ओठांवर हसू.

साइट सुरू झाली आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. मंद निळा रंग, अलगद सरकणारी चित्रं, मध्ये ताईंचा हसरा चेहरा. मी बायकोला घरी दाखवली. आपण चांगल्या ठिकाणी नोकरी करतो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ताईंनी ती उघडली. मी औषधांचे खोके लावत होतो. आतून बोलघेवड्याचा आवाज आला. त्यांनी तो हळू केला होता, त्यामुळे मलाही कळत होता. "चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र. नाव नसलेलं बटण." पुन्हा पहिल्यापासून. "चित्र. चित्र. बटण." वीस-पंचवीस मिनिटं तेच चाललं होतं. मग ताईंनी मला हाक मारली.

"अहो, यात माझा फोटो कुठे आहे?"

मी सांगितलं, मधोमध.

"त्याला हा 'चित्र' म्हणतो," ताई म्हणाल्या. "नुसतं चित्र."

वेळापत्रक आता महिन्यातून एकदा छापील पत्रकासारखं रंगीत बनून यायचं. ते सगळंच्या सगळं एक चित्र होतं. त्यात बदल करायचा तर कंपनीला कळवायचं. तो बदल चार दिवसांनी व्हायचा, कधी आठ. ताईंनी विभागांना फोन करणं चालू ठेवलं, पण हळूहळू विभागांतून उत्तर यायला लागलं, "साइटवर आहे की, ताई." गॉगलला त्यांनी तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, करतोय. दुसऱ्यांदा म्हणाला, वरून परवानगी हवी. तिसऱ्यांदा त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी बोललं.

मग ताई मला विचारायला लागल्या. फोनवर माणूस थांबलेला असायचा आणि त्या दारातून म्हणायच्या, "जरा बघता का, कानाघशाचे डॉक्टर कधी?" मी मोबाइल काढून पत्रक मोठं करून वाचायचो. माझ्याही खिडकीवर रांग असायची. कधी घाईत वाचायचो.

अशाच एका दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायकोच्या घशात गाठ होती आणि तपासणीची तारीख लांबत चालली होती. ताईंनी मला विचारलं. मी पत्रकात बघून सांगितलं, गुरुवार, दहा ते एक. पत्रकात गुरुवारच होता. पण ते डॉक्टर आठवडाभरापूर्वीच बुधवारवर गेले होते आणि तो बदल कंपनीच्या रांगेत पडून होता. दोघं गुरुवारी तीन तासांचा प्रवास करून आली. बंद दारासमोर बसून राहिली. कुणीतरी त्यांना ताईंच्या खोलीकडे पाठवलं.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते दारात उभे राहून नुसतं म्हणाले, "तुम्ही गुरुवार सांगितलात, म्हणून आलो."

"हो, मी सांगितलं," ताई म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे झालो नाही. समोर पन्नास माणसं होती, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं.

ती बाई बाहेर बाकावर बसली होती. गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला. ताई चाचपडत तिच्यापर्यंत गेल्या, तिचा हात हातात घेतला. बाईला बोलता येत नव्हतं आणि ताईंना दिसत नव्हतं. पुढच्या बुधवारी ते डॉक्टर रजेवर होते. त्यानंतरची तारीख ताईंनी स्वतः, बोटांनी भिंत चाचपत विभागात जाऊन, विचारून आणली आणि गृहस्थांना कळवली. ती तारीख उलटली तरी कुणी आलं नाही, तेव्हा ताईंनी फोन लावला. पलीकडून ते गृहस्थच बोलले. "आता नको, ताई. ती गेली."

डॉक्टरांनी ताईंना समजावलं. आजार फार पुढे गेला होता, दोन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. ते खरं असेल. ताईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी बरोबर वार सांगते की चूक, याला अर्थ नाही तर," एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी घरी बसून त्यांनी तक्रार लिहिली. साधी, दहा ओळींची. ती साइटवरूनच पाठवायची सोय होती. सगळं लिहून झाल्यावर साइटने सांगितलं, आपण माणूस असल्याचं सिद्ध करा, चित्रात दिसणारी अक्षरं खाली लिहा. वहिनीने ती अक्षरं वाचून दिली. "माझ्या माणूसपणाला वहिनीची साक्ष लागली," ताई मला सोमवारी सांगत होत्या. हसत होत्या, पण हसणं लवकर थांबलं. तक्रारीला लगेच उत्तर आलं होतं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्याखाली काहीच नव्हतं.

वर्षअखेरीस त्या साइटला कुठलंसं बक्षीस मिळालं. उत्कृष्ट रूपासाठी. चषक अधीक्षकांच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवला. त्याच महिन्यात आदेश निघाला. सर्व माहिती ऑनलाइन उपलब्ध असल्याने चौकशी कक्षाची गरज उरलेली नाही. ताईंना जुन्या नोंदींच्या विभागात पाठवलं. तळघरात, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये. कागद वाचून लावायचे होते. ते ताई कसे लावणार, हे कुणाच्या लक्षात आलं नाही किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही. त्यांना एक खुर्ची दिली होती. मी जेवणाच्या सुट्टीत जायचो. त्या बसलेल्या असायच्या, हात मांडीवर.

"काम नाही म्हणून कुणी ओरडत नाही," त्या एकदा म्हणाल्या. "तेच जास्त लागतं."

एके दिवशी मी धीर करून म्हणालो, "ताई, त्या दिवशी वार मी वाचला होता."

"तुम्ही होतं तेच वाचलंत," त्या म्हणाल्या. आणि मग, "मला विचारायलाच नको होतं." हे माझ्यावर होतं की स्वतःवर, मला कळलं नाही.

पाच महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभात अधीक्षक पुन्हा तेच बोलले, रुग्णालयाचा चेहरा वगैरे. गेटवर दादा घ्यायला आले होते. बहिणीचा हात स्वतःच्या कोपराला लावून त्यांनी तिला रिक्षात बसवलं.

त्यानंतरचं मला वहिनींकडून कळलं. कुणीतरी जुन्या पेशंटांना ताईंचा घरचा नंबर दिला होता. सकाळपासून फोन यायचे. हाडांचे डॉक्टर कधी, लहान मुलांच्या लशी कुठल्या वारी. सुरुवातीला ताई विभागात फोन लावून माहिती काढून द्यायच्या. मग विभागांनी बाहेरच्यांना फोनवर सांगायचं नाही, असा नियम आला. त्यानंतर त्या प्रत्येकाला म्हणायच्या, "मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही." लोक चिडायचे, काही रडायचे. दोन महिने असं चाललं. शेवटी दादांनी जाऊन नंबर बदलून घेतला आणि घरी येऊन सांगितलं, "झालं, आता कुणी त्रास देणार नाही."

ताई "बरं" म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. संध्याकाळी वहिनी चहाला उठवायला गेली, तर त्या जाग्याच होत्या, कान बाहेरच्या फोनकडे लावून.