चरातली पाच खापरे

तो तपास मी अजून विसरलेलो नाही, आणि गंमत म्हणजे माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंद कुठेच नाही. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी मुलीकडे टोकियोला गेलो. ती तिथल्या विद्यापीठात प्राचीन मडक्यांवर पीएचडी करते आणि ओजिमातल्या सरकारी वसाहतीत राहते.

कावासाकीजवळच्या एका टेकडीवर भाजीच्या जुन्या शेतात इमारत उभी राहायची होती. त्या भागात हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या सापडतात, म्हणून पाया खणण्याआधी जमीन तपासावी लागते. तीन लांब चर खणायचे, खाली काही निघते का पाहायचे, नाही निघाले तर माती लोटून मोकळे व्हायचे. मुलगी त्याच कामावर होती. तीन आठवड्यांत काहीच निघाले नव्हते आणि दोन दिवसांत काम गुंडाळायचे होते.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि बूटही न काढता दारातच बसली.

"बाबा, आज दुसऱ्या चरात पाच खापरं मिळाली. मलाच मिळाली."

"मग तोंड का उतरलंय?"

"अगदी तळाशी होती, एकाच जागी, कुणी मांडून ठेवल्यासारखी. कामाच्या प्रमुखांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काल चरातून शेवटी वर कोण आलं. मीच आले होते. माझा प्रबंधही याच मडक्यांवर आहे. तुम्हीच सांगा, त्यांना काय वाटत असेल?"

नोकरीत मी पेरलेली दारूची बाटली पाहिली, पेरलेला चाकू पाहिला. पेरलेली खापरे पहिल्यांदाच ऐकत होतो. पण हसण्याची वेळ नव्हती; असा ठपका बसला असता तर पोरीचे पुढचे सगळे शिक्षण बुडाले असते. मुद्देमाल प्रमुखांच्या ताब्यात होता. तिच्या फोनवरचे फोटो मोठे करून पाहिले. खापरांवर दोरीचे ठसे होते आणि एका ठशाच्या खाचेत हिरवट काहीतरी.

"हे काय गं?"

"शेवाळ," ती म्हणाली आणि ताडकन उठली. "बाबा, दीड मीटर मातीखाली ऊन जात नाही. ही खापरं कालपरवापर्यंत उघड्यावर होती!"

दुसऱ्या दिवशी पाहुणा म्हणून परवानगी काढली, हेल्मेट घातले आणि घटनास्थळी हजर झालो. सकाळी रेडिओच्या तालावर सर्वांची कवायत, मग हजेरी, मग फावडी मोजून वाटप. आमच्या ठाण्यापेक्षा शिस्त जास्त आणि आरडाओरडा कमी. खणणारे बहुतेक निवृत्त लोक, रोजाने कामाला येणारे. दहाला चहाची सुट्टी झाली. माझ्याकडे अधिकार नव्हता, भाषा नव्हती. पुण्याहून आणलेला चिवडा मात्र होता. तो वाटत मी जबाब घ्यायला बसलो, मुलगी दुभाषी.

सगळे खापरांविषयी बोलत होते. निर्दोष माणसाला घडलेल्या गोष्टीचे कुतूहल असते, हा माझा अनुभव. एकच गृहस्थ गप्प होते. त्यांना सगळे ओजीसान म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांच्या तळहातावरचा चिवडा तसाच होता आणि नजर पुन्हा पुन्हा माझ्या मुलीकडे जात होती.

मी सहज विचारले, "ठरल्याप्रमाणे उद्या काम संपतंय. परवापासून काय करणार?"

कुणी नातवंडांकडे जाणार होते, कुणी गरम पाण्याच्या झऱ्यावर. ओजीसान म्हणाले, "घरी बसेन. बाग आहे छोटीशी."

"जपानी बाग मी अजून पाहिली नाही," मी म्हणालो. परक्या मुलखातल्या पाहुण्याला नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

चारला काम सुटल्यावर तिघे चालत त्यांच्या घरी गेलो. पर्सिमनच्या फळझाडाभोवती फुलांचा वाफा होता आणि वाफ्याच्या कडेला शेवाळलेली खापरे ओळीने उभी रोवलेली. एका ठिकाणी ओळ तुटली होती. तिथे पाच ताज्या खाचा होत्या.

मी खाचांजवळ जाऊन उकिडवा बसलो, एवढेच. चौकशीत गप्प बसण्याने जे होते ते दरडावण्याने होत नाही. थोड्या वेळाने ओजीसाननी टोपी काढली आणि मुलीपुढे कमरेतून वाकले. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हते. काही सापडले तर काम अजून महिनाभर चालेल, चहाला माणसे भेटतील, एवढाच त्यांचा हिशेब. संशय हिच्यावर जाईल हे डोक्यातही आले नव्हते.

कबुली मिळाली. मी उठून पँट झटकली. मुलगी मात्र वाफ्यापाशीच बसून होती. तिने जपानीत काही विचारले, म्हाताऱ्याने उत्तर दिले, आणि तिचा चेहरा पालटला.

"मी विचारलं, ही खापरं आली कुठून? बाबा, ते शेत यांच्या वडिलांचं होतं! लहानपणी रताळी काढताना कोपऱ्यात मिळायची म्हणे. तिथे अवजारांची शेड आहे ना, म्हणून आम्ही तिकडे चर काढलाच नाही."

"मग हे आधी का नाही बोलले?"

तिने विचारले. ओजीसान ओशाळून म्हणाले, "शिकलेल्या लोकांनी जागा ठरवल्या होत्या. मला कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच प्रमुखांपुढे उभे राहिले. भरपूर बोलणी खाल्ली, खणणाऱ्यांच्या यादीतून नाव गेले. प्रमुखांनी सगळ्यांसमोर माझ्या मुलीची माफी मागितली. दुपारी शेड हलवून कोपऱ्यात एक खड्डा घेतला. गुडघाभर खाली भाजलेल्या लाल मातीची चूल लागली आणि तिच्याभोवती गोलाकार, खांबांच्या खड्ड्यांचे काळे डाग. कुणाचे तरी घर होते ते. मुलगी खड्ड्यातून "बाबा!" अशी ओरडली की सगळा जपान वळून पाहू लागला. इमारत काही महिने थांबली, रीतसर उत्खनन सुरू झाले. ओजीसानना खापरे धुण्याचे काम मिळाले, तेही दुसऱ्याच्या देखरेखीखाली. ते खूश होते.

नोकरीत कबुली हाती आली की मी पेनाला टोपण लावत असे. कुणी केले आणि का केले, एवढे कळले की फाइल बंद. त्यातल्या किती फायलींत आणखी एक प्रश्न विचारायचा राहून गेला असेल, हे आता मी आठवून पाहतो. त्या बागेत माझ्या लेखी तपास संपला होता. माझ्या मुलीने तो तिथून सुरू केला.