पट्ट्याला खोबरेल तेल

गुरांसाठी गोळीपेंड करायचं छोटं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा आम्ही सिल्वासात नुकतेच रुळलो होतो. हे शाळेत मास्तर आणि मी घरात बसून बुद्धी वाढवत होते. मसाटच्या यंत्रवाल्याने विचारलं, मोटरने यंत्र फिरवायचं ते गिअर घालून की पट्टा लावून?

"गिअर," हे म्हणाले. "मजबूत काम."

"पट्टाच," मी म्हणाले. "माझ्या शिलाई मशीनला पट्टाच आहे. कधी कुरकुर केलीय त्याने?"

एवढ्या अगाध अभ्यासावर पट्टा आला.

राखोलीच्या तबेल्याचे शेठ म्हणाले होते, दसऱ्याला येतो, यंत्र चालताना बघतो, गोळी पसंत पडली तर माझ्या सगळ्या म्हशींची पेंड तुमच्याकडून. आणि नाही पडली तर? सासूबाईंनी तोडगा काढून ठेवला होता, "चकल्या पडतील का गं त्यात?"

दसऱ्याला सकाळी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फोडायला दगड कोण शोधणार? यंत्राच्याच कडेवर आपटला. मग नजर गेली पट्ट्यावर. काळा, रखरखीत, अगदी पारोसा. सणाच्या दिवशी असा अवतार? आईने माझ्या वेणीला कधी लावलं नसेल इतक्या मायेने मी त्याला खोबरेल तेल चोळलं. काय चमकला म्हणता!

शेठ आले. ह्यांनी बटण दाबलं. मोटर गरगरली, तिची पुली गरगरली, यंत्र मात्र ढिम्म. पट्टा पुलीवरून नुसता घसरतोय. हळूहळू खमंग धूर निघाला.

आतून सासूबाई ओरडल्या, "सूनबाई, काय तळतेयस? शेठना पण दे हो!"

शेठनी पट्ट्याला बोट लावलं, हुंगलं. "बेन, तेल डोक्याला लावायचं. पट्ट्याला नाय."

"गिअरला तेल चाललं असतं," हे पुटपुटले. संधी कसली सोडतायत!

पट्टा काढला, पुली आणि पट्टा धुण्याच्या सोड्याने घासले, कोरडे केले, पुन्हा चढवले. यंत्र फिरलं. शेजारच्या ढिगातला भुसा वरून ओतला, तशा गोळ्या टपाटप पडायला लागल्या. मी टाळी वाजवणार तोच पट्ट्याने किंकाळी फोडली आणि यंत्र जागच्या जागी अडलं.

"परत तेल लावलंस?"

"देवाशपथ नाही हो!"

मोटर बंद करून आत पाहिलं, तर करवंटीचा तुकडा अडकलेला. माझ्याच नारळाचा. भुशात पडून आत गेला होता.

शेठ हसत सुटले. "पट्टा घसरला म्हणून वाचलात. गिअर असता तर त्याचे दात पडले असते. पट्टा घ्यायचं डोकं कोणाचं?"

मी पदर सावरला. "माझंच. सगळा विचार करूनच घेतला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. शिलाई मशीनचं नाव काढलं नाही बिचाऱ्यांनी.

करवंटी काढून उरलेला भुसा संपवला. शेठनी गोळ्या पिशवीत भरून नेल्या. "म्हशींना विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. ड्रायव्हरने निरोप सांगितला, "म्हशी हो म्हणाल्या. टेम्पो भरून द्या. आणि शेठ बोलले, बेनला सांग, गोळीला तेल नको लावू."