मशीनरूमचा वास

लिफ्टवाले निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, आता हा माणूस दिवसभर घरात बसून आपलं डोकं खाणार. तसं काही झालं नाही. त्यांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तिच्यात मासे सोडले, जिवंत प्रवाळ लावलं आणि माशांचं डोकं खायला घेतलं.

चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस, भलताच कडक. ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय इमारतीच्या मालकालाही आत पाय ठेवू देत नसत. टाकीचं पाणी पिवळट दिसायला लागल्यावर त्यांनी ओझोनचं मशीन आणलं, तेही सगळे नियम वाचून. ओझोन पाणी लख्ख करतो, पण जास्त झाला तर मासे मरतात आणि माणसाची छाती धरते. म्हणून तो थेट टाकीत सोडायचा नाही. फेस काढणाऱ्या नळकांड्यात सोडायचा, आणि तिथून निघणारं पाणी आणि हवा, दोन्ही कोळशातून गाळून घ्यायची. पाण्यात बुडवलेली सळई ओझोनचा असर मोजत राहते. आकडा साडेतीनशेला पोचला की मशीन आपोआप बंद. काम कसं चोख!

चारेक महिन्यांनी खोलीत हलका तिखट वास यायला लागला. दुसरा कुणी असता तर दचकला असता. हे मात्र खुलले. जुन्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये ठिणग्या उडाल्या की अगदी हाच वास यायचा.

"अगं, कामावर गेल्यासारखं वाटतंय बघ!" ते म्हणाले. निवृत्तीनंतर एवढे खूश ते पहिल्यांदाच दिसले.

बायको त्याच खोलीत गाणं शिकवायची. सात मुली यायच्या. पाणी तापू नये म्हणून खिडक्या कायम बंद, एसी चालू. आधी तिचा घसा खवखवला, मग खोकला लागला, मग वरचा सूर फाटायला लागला. गुळण्या झाल्या, वाफ झाली. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय, आराम करा, वयही झालंय. वयाचं ते तिने खरं मानलं. जन्मभर जे केलं ते हातचं चाललं होतं. तिने मुलींना सांगून टाकलं, हा शेवटचा आठवडा.

शेवटच्या दिवशी एका मुलीची आई आभार मानायला आली. पाच मिनिटं बसली आणि कपाळ चोळायला लागली.

"इथे झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येतोय हो. तुमचं डोकं नाही दुखत?"

लिफ्टवाले हसून उत्तर द्यायला गेले आणि ताडकन उठले. मशीनरूममध्ये हा वास आला की ते स्वतः ओरडायचे, "आधी दार उघडा, मग काय ते बघा!"

त्यांनी मशीनची पिन उपटली, खिडक्या सताड उघडल्या. कोळसा बसवल्यापासून बदललेलाच नव्हता, तो कधीच निकामी झाला होता. सळईवर शेवाळाचा बुळबुळीत थर. तो पुसून सळई पुन्हा बुडवली तशी दोनशे नव्वदचा आकडा हळूहळू साडेचारशेच्या वर गेला. म्हणजे मळलेली सळई आकडा कमी दाखवत होती आणि मशीन थांबतच नव्हतं. प्रवाळ मिटलेलं दिसत होतं, त्याचा दोष यांनी दिव्याला दिला होता. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

पाहुणी गेल्यावर ते बायकोसमोर बसले.

"तुझं वय नाही गं. मी केलं हे." मग सगळं सांगितलं.

"तीन महिने मी स्वतःला म्हातारी म्हणत होते," ती म्हणाली. आवाज घोगराच होता. "आणि वास मलाही खटकायचा हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता त्या दिवशी. म्हटलं, असू दे."

लिफ्टवाल्यांना रडू आलं. त्यांनी तोंड धुतलं आणि मुलींच्या घरचे नंबर मागितले. फोनवर दोन वाक्यांच्या पुढे न बोलणारा तो माणूस, पण त्या संध्याकाळी त्यांनी सातही घरी स्वतः फोन लावला. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. "बाईंचं वय झालेलं नाही. चूक माझी होती. महिनाभर थांबा, त्या शिकवणार आहेत."