खटकामामांचे चाकू

खटकामामा गिऱ्हाइकाचा चेहरा पाहत नसत, हात पाहत. तुम्ही कोण, कुठले, कुणाच्या ओळखीनं आलात, हे सगळं नंतर. आधी तळहात पुढे करायचा. ते बोटं मिटवून बघत, अंगठा कुठवर पोचतो ते बघत, मग ओल्या मातीचा गोळा देऊन मूठ आवळायला सांगत. त्या गोळ्यावर उमटलेल्या खुणांवरून चाकूची मूठ ठरायची. शहागडच्या अलीकडे, महामार्गाला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक. घडीचा चाकू उघडताना पातं जागेवर बसल्याचा जो आवाज येतो, त्यावरून लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं.

आमची तीर्थपुरीजवळ मोसंबीची रोपवाटिका आहे. डोळे भरण्याचं, म्हणजे जंभेरीच्या खुंटावर मोसंबीची कळी बसवण्याचं काम मी करते. त्याला चाकू बोटासारखा वळावा लागतो. बाजारातले सगळे चाकू पुरुषांच्या मुठीचे. माझ्या हातात ते फिरायचे, साल फाटायची आणि डोळा वाया जायचा. "माझा हातच बारीक आहे हो," मी म्हणाले. मामा चिडले. "हात बारीक न्हाई, बाई. लोक चाकू मोठे करून राह्यलेत. त्याचा दोष तुम्ही कामून घेता?"

त्यांचं पोलाद म्हणजे ट्रकच्या कमानीचे तुटलेले पाटे. रस्त्यावरच्या गॅरेजमधून ते आणायचे. "देशभर ओझं वाहून आलंय हे, दगा देत न्हाई," म्हणायचे. पात्याला पाणी देताना ते कुणाशी बोलत नसत. तापवून विझवलेलं पातं पुन्हा हलक्या आचेवर धरायचं आणि त्यावर गव्हाच्या काडीचा रंग चढला की झटक्यात बाजूला घ्यायचं. तेवढा वेळ मामीसुद्धा चहाचा कप हातात धरून दारात थांबलेल्या असत. मूठ बाभळीच्या गाभ्याची, नाहीतर म्हशीच्या शिंगाची. सगळं जुळल्यावर मिटलेला चाकू उन्हाकडे धरायचा. पातं आणि मूठ यांच्यामधून रेघभर उजेड दिसला, की सगळा पुन्हा खोलायचा. माझा चाकू त्यांनी असाच खोलला तेव्हा मी म्हणाले, "मला तर काही दिसलं नाही." ते म्हणाले, "तुम्हाला न्हाई दिसत. पाण्याला दिसतं. तिथूनच शिरतं ते."

जीभही त्यांच्या पात्यासारखीच होती. घाई करणाऱ्याला सांगायचे, "जल्दी पाहिजे तर बाजारात जा. तिथं जल्दीचे चाकू भेटतात." गॉगल लावलेली पोरं मोटारसायकलवरून यायची, बटन दाबलं की उघडणारा चाकू मागायची. मामा त्यांना बिलकुल उभं करत नसत. "चाकू उघडाया दोन हात लागले पाहिजेत," ते मला एकदा म्हणाले. "दुसरा हात येईपोतर माणसाला इचार कराया टाइम भेटतो."

आणि तरी व्हायचं ते झालं. जवळच्या एका गावात वरातीत नाचण्यावरून भांडण पेटलं आणि एका तरण्या पोराच्या पोटात चाकू गेला. पोरगा वाचला नाही. चाकू बटनाचा होता, मोबाइलवरून मागवलेला. ते पुढे उघडही झालं. पण त्या दिवसांत पोलिसांना कुणीतरी हवं होतं आणि चाकू म्हटलं की या भागात एकच नाव तोंडात यायचं. दुकानातला सगळा माल उचलला, मामांनाही उचललं. चाकू टेबलावर मांडून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो प्रत्येकाच्या फोनवर होता. खाली लिहिलं होतं: शस्त्रांचा कारखाना. मी तो फोटो मोठा करून पाहिला. त्यात डोळे भरायचे चाकू होते, फळं कापायचे होते, शिंपीकामातला टाके उसवायचा चिमुकला चाकू होता.

ही अवजारं आहेत, असं चारचौघांनी ठाण्यात जाऊन सांगावं, म्हणून मी दारोदार फिरले. गावचे पुढारी तात्या पाहुण्यांपुढे मामांचा चाकू उघडून पेरू कापत आणि "आमच्या गावचा माल" म्हणून मिरवत. ते मला म्हणाले, "कोणता चाकू? आपल्याकडं असलं काही नव्हतंच बुवा." गावातला शिंपी म्हणाला, माझा विहिरीत टाकला. डाळिंबवाले पाटील म्हणाले, हरवला. शेवटी मी आणि मामी, दोघीच गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी माझा चाकू उघडला, पात्यावरून अंगठा फिरवला. "छान आहे," म्हणाले. "पण आता हा बाहेर काढत जाऊ नका."

मामा जामिनावर सुटले. खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला. एका तारखेला पुराव्यातल्या चाकूंचं गाठोडं सोडलं तेव्हा ते हात जोडून उभे राहिले. वाटलं, स्वतःसाठी काही मागतील. म्हणाले, "साहेब, मला काय करायचं ते करा. पन त्यायला तेल लावू द्या." कोर्टात हशा पिकला.

निर्दोष सुटल्यावर माल पोत्यात भरून परत मिळाला. पाती गंजून मुठींत अडकली होती, शिंगाला कीड लागली होती. मी म्हणाले, "रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सुटतील." त्यांनी एक चाकू उघडायचा प्रयत्न केला, मग खाली ठेवला. "उघडंल. पन बराबर बसणार न्हाई आता." ते पोतं त्यांनी स्वतः भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकलं. त्यानंतर त्यांनी भट्टी पेटवली नाही. ओट्यावर बसून रस्त्यावरचे ट्रक पाहत राहायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याच दारापुढे शोकसभा झाली. तात्या बोलायला उभे राहिले. "मोठा कलावंत गेला. त्यांची आठवण म्हणून ग्रामपंचायतीत एक कपाट करू, त्यांचे चाकू मांडू," म्हणाले आणि खिशातून आपला चाकू काढला. तेल लावलेला, लखलखीत. मग शिंप्यानं काढला. पाटलांनी काढला. मागच्या रांगेतूनही हात वर होऊ लागले. कुणी मूठ दाखवत होता, कुणी धार. "माझा बघा, बाभळीचा," असं कुणीतरी कौतुकानं शेजाऱ्याला सांगत होतं.

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकेका हाताकडे सावकाश पाहिलं.

"समद्यांकडं व्हते की," त्या म्हणाल्या.

मामी उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तोवर चहा आला होता. लोकांनी तो घेतला, मग गेले.