आधी पट्टा, मंग पगडी

"बिलकुल न्हाई!" म्हणताना आमच्या शेजारच्या चाची पदर कमरेला खोचायच्या. पदर खोचला, की समोरच्यानं गप बसायचं. भाजीवाला बसायचा, गॅसवाला बसायचा, मीसुद्धा बसायचे. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. पण आमच्या चाचींची गोष्टच निराळी.

फाळणीत सिंधमधून जालन्याला आलेलं त्यांचं घर. तीन भाऊ, एक कापडदुकान. कुणीही येवो, पाण्याच्या पेल्याबरोबर भाजलेला पापड आलाच! मी तर चटावलेच होते.

पण त्या घरातले पुरुष पन्नाशीच्या फार पुढे जायचे नाहीत. आधी सासरे, मग मधले दीर, दोघंही लकव्यानं गेले. नातलगांचं एकच म्हणणं, "इथलं पाणी आपल्याला मानवत न्हाई." धाकटे दीर तर बदनापूरच्या एका विहिरीचं पाणी रेल्वेनं कॅनमधून आणायचे. त्या पाण्याबरोबर पापड, लोणचं, वर तंबाखू, सगळं चालू. आता काय म्हणावं!

मग चाचींचे यजमान दुकानात गादीवरच कलंडले आणि दोन दिवसांत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी कधी मोजलंच नव्हतं का?" चाची त्यांच्या हातातल्या मशीनकडं पाहत राहिल्या.

त्यांच्यात बाराव्याला पगडीचा विधी असतो. सगळ्या समाजासमोर घरच्या पुरुषाला पगडी बांधायची, म्हणजे घर आता त्याच्या हाती. चाचींना लेकीच, उरले होते एकटे धाकटे दीर. ते पाटावर बसले, पगडी उचलली गेली, आणि बायकांमधून चाची उठल्या. नवरा जाऊन बारा दिवस झालेली बाई, पदर खोचून! मागे बीपीचं मशीन घेऊन तेच डॉक्टर.

"पगडी मंग. आधी ह्यांच्या दंडाला पट्टा बांधा."

दीर लालबुंद झाले. "भाभी, लोकं पाहून राह्यलेत! मला काय झालंय? इथलं पाणीच..."

"पाणी? बिलकुल न्हाई! ही शेजारीण हेच पाणी पिती. तिचे सासरे ऐंशीचे हायेत, रोज पायी बाजारात जातेत. आज तुम्हाला पगडी बांधतील. तुमच्या मागं कुणाला? सांगा जल्दी!"

दिरांनी मुकाट्यानं बाही वर केली. डॉक्टरांनी आकडा पाहिला, पुन्हा मोजलं, आणि पगडीच्या आधी पहिली गोळी दिली. मग समोरचे सगळेच एकेक करून दंड पुढे करायला लागले.

त्या दिवसापासून दिरांची गोळी चाची समोर उभं राहून घ्यायला लावायच्या. तंबाखू बंद, पाहुण्यांना खारट पापडाऐवजी काकडी. "हा आमचा अपमान हाय," असं नातलग तोंडावर म्हणाले. चाची म्हणाल्या, "होऊ द्या अपमान. जिते तर राहा!" काय त्या बाईची छाती! मी थक्क होऊन पाहत राहायचे.

पुष्कळ वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन चाची गेल्या. मी भेटायला गेले, तर धाकटे दीर ओसरीवर बसलेले. दात पडलेले, कानाला कमी ऐकू येणारे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ताई, आमच्या घरात म्हातारा झालेला मी पहिलाच. भाभीनं केलं." आणि लेकरासारखे रडायला लागले.